पैठणीच्या बटव्याचा फाटलेला नेफा हाताने दुरुस्त करताना

नाशिककरांच्या घरात आहेरात किंवा हळदीकुंकवाच्या वाणात मिळालेला पैठणीच्या कापडाचा एखादा बटवा सहज सापडतो आणि तो जुना झाला की बहुधा एकाच जागी फाटतो, ती जागा म्हणजे गोफ (बटव्याचे तोंड आवळायची दोरी) बाहेर पडतो ते नेफ्याचे तोंड. बटवा उघडताना-मिटताना सारी ओढ तिथल्या बोटभर रेशमावर बसते. फाटीच्या दोन्ही कडा जवळ ओढून शिवल्या, तर कापड आखडते आणि शेजारीच नवी फाट पडते; म्हणून गोफाचा ताण रेशमावरून काढून आत घातलेल्या सुती पट्टीवर नेणे, हे या दुरुस्तीचे मुख्य काम आहे.

गोफ काढण्यापूर्वी तो कोणत्या बाजूने शिरतो आणि कुठून बाहेर येतो, याचे छायाचित्र घेऊन ठेवावे; दोन गोफांच्या बटव्यात हे हमखास विसरते. मग बटवा उलटा करून अस्तराची वरची शिवण आणि नेफ्याच्या दोन्ही टिपा उसवाव्यात. धागा ओढून तोडू नये, दर तिसरा-चौथा टाका बारीक कात्रीने कापावा. केवळ शिवण उसवली असेल आणि कापड शाबूत असेल, तर पुढचे काही करण्याची गरज नाही. उसवलेल्या जागेच्या २ सेंटिमीटर अलीकडून २ सेंटिमीटर पलीकडेपर्यंत बखिया (दर टाक्याला सुई मागे घेऊन घातलेली शिवण) घातला की झाले.

कापड विरले असेल तर आधी त्याची मागची बाजू नीट पाहावी. येवल्याच्या हातमागावरील पारंपरिक पैठणीत नक्षीचे रंगीत बाणे (आडवे धागे) एकमेकांत अडकवून विणलेले असतात, त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते. बटव्यांना वापरलेले कापड मात्र पुष्कळदा यंत्रमागाचे असते. त्याच्या मागे मोकळे धागे लोंबतात आणि कात्री लागताच ते सुटू लागतात. अशा कापडाची कड काहीही कापण्याआधी तिरप्या टाक्यांनी बांधून घ्यावी.

दोऱ्याचा रंग दिव्याखाली ठरवू नये. नाशिकच्या मेन रोड किंवा कापडपेठेत जाताना बटवा सोबत न्यावा, रीळ दुकानाबाहेर उजेडात धरून पाहावे आणि नेमकी छटा मिळाली नाही तर किंचित गडद घ्यावी, कारण फिका टाका अधिक उठून दिसतो. सुई ९ किंवा १० नंबरची असावी. दोरा बारीक, सुती किंवा रेशमी घ्यावा. जुन्या रेशमावर जाड, चिवट पॉलिएस्टरचा दोरा मी वापरत नाही. ताण आला की तो स्वतः तुटण्याऐवजी कापडालाच कापतो. एका वेळी हातभर दोरा पुरे.

आता जुन्या, धुतलेल्या सुती साडीची ४ सेंटिमीटर रुंद पट्टी बटव्याच्या घेराइतकी कापावी आणि रेशीम व अस्तर यांच्यामध्ये, रेशमाच्या पाठीला सपाट लावून कच्च्या धावदोऱ्याने टाचावी. टाचण्या लावायच्याच असतील तर त्या शिवणीच्या दाबात, म्हणजे शिवणीबाहेरच्या जादा कापडात, लावाव्यात, कारण रेशमावर त्यांची भोके राहतात. फाटीच्या कडा जशा आहेत तशाच पट्टीवर पसरून, फाटीला आडवे असे एकेक लांब धागे २-३ मिलिमीटर अंतरावर घालावेत आणि प्रत्येक धागा वरून इवल्या टाक्यांनी पट्टीशी जखडावा. या कामाला वेळ लागतो आणि घाईने ते हमखास बिघडते. जरीची तार सुटली असेल तर तिची टोके कापू नयेत, याच टाक्यांखाली दाबून टाकावीत. शिवणीच्या दाबातून काढलेला रेशमाचा धागा येथे वापरता आला, तर दुरुस्ती शोधूनही सापडत नाही.

नंतर अस्तर जागेवर आणून नेफ्याच्या दोन ओळी बखियाने पुन्हा घालाव्यात. टाका सुमारे २ मिलिमीटरचा ठेवावा आणि तो रेशीम, पट्टी व अस्तर या तिन्हींतून जाईल याची काळजी घ्यावी. गोफ पट्टी आणि अस्तर यांच्यामधून गेला पाहिजे, रेशमाला त्याचा स्पर्शही होता कामा नये. बाजूच्या शिवणीतील त्याच्या तोंडाला काजाचे टाके जवळजवळ घालावेत आणि प्रत्येक टाक्यात पट्टीची कड पकडावी. शेवटी अस्तराची वरची कड हेम घालून बंद करावी.

जुना गोफ खरखरीत झाला असेल तर तो बदलावा. नवा गोफ प्रत्येकी घेराहून २०-२५ सेंटिमीटर लांब घ्यावा आणि सेफ्टी पिनेने ओवावा. इस्त्री करायचीच असेल तर उलट बाजूने, मध्ये सुती फडके ठेवून, मंद आचेवर आणि पाणी न शिंपडता करावी. गोंडे जड असतील तर गाठ बांधण्यापूर्वी ते हातात तोलून पाहावेत. फार जड गोंड्यांमुळे गोफ सतत ओढला जातो, तेव्हा ते काढून हलके लावलेले बरे.