गाडीच्या रंगाची चमक परत आणताना कंपाउंड आणि पॉलिश कसे निवडावे

सोलापूरच्या उन्हात उघड्यावर उभी राहणारी गाडी काही वर्षांत निस्तेज दिसू लागते आणि गॅरेजमध्ये विचारले की बहुतेक वेळा सरसकट ‘रबिंग-पॉलिश मारून घ्या’ असा सल्ला मिळतो. प्रत्यक्षात कंपाउंड रंगाचा वरचा थर घासून काढते, पॉलिश त्या घासण्याचे बारीक व्रण मिटवून चमक आणते आणि वॅक्स केवळ संरक्षण देते. त्यामुळे गाडीला यांपैकी नेमके काय हवे आहे, हे आधी ठरवावे.

आजच्या बहुतेक गाड्यांच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो आणि त्याची जाडी साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही कमी असते. प्रत्येक वेळी घासताना तो थोडा झिजतो व पुन्हा भरून येत नाही. म्हणून ज्याने काम भागेल असे सर्वांत सौम्य द्रव्य निवडावे, हा माझा आग्रह आहे.

प्रथम गाडी कार शॅम्पूने धुवावी. काळ्या मातीची धूळ कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये, कारण तिच्यातील बारीक खडे रंगावर ओढले जातात. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहिले असतील, तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून ते पुसावेत आणि लगेच स्वच्छ पाण्याने धुवावे. त्यानंतरही पृष्ठभाग हाताला खरखरीत लागला, तर ल्युब्रिकंट (निसरडेपणा आणणारे द्रव्य) फवारून क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण उचलणारी मातीसारखी मऊ वडी, फिरवावा.

आता ओरखड्यांची परीक्षा करावी. नख ओरखड्यावरून आडवे फिरवताना अडकले, तर तो खोल आहे. असा ओरखडा कंपाउंडने पूर्ण काढण्याचा हट्ट धरल्यास क्लिअर कोटच संपण्याची भीती असते. नख अडकत नसेल आणि उन्हात केवळ कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसत असतील, तर फिनिशिंग पॉलिश बहुधा पुरते. रंग धुरकट झाला असेल किंवा ओरखडे ठळक असतील, तरच कंपाउंडचा विचार करावा. क्लिअर कोटचे पापुद्रे निघू लागले असतील, तर मात्र कोणतेही पॉलिश उपयोगी नाही. तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो.

निवड पक्की करण्यासाठी बॉनेटवर दीड-दोन फुटांचा चौकोन मास्किंग टेपने आखून घ्यावा आणि मऊ फोम पॅडवर पॉलिशचे चार-पाच थेंब घेऊन, आडवे-उभे पट्टे एकमेकांवर येतील अशा बेताने, पॉलिशचे यंत्र मंद गतीने फिरवावे. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून तो भाग पुसावा. ही पायरी अनेक जण गाळतात. पण पॉलिशमधील तेल ओरखडे तात्पुरते झाकते आणि ते पुसल्याशिवाय खरा परिणाम कळत नाही. ओरखडे तसेच दिसले, तर आधी पॅड थोडा कडक घ्यावा, मग मध्यम कंपाउंड वापरून पाहावे. जाड कंपाउंडकडे शेवटी वळावे. कंपाउंड वापरल्यावर त्याच भागावर फिनिशिंग पॉलिश करणे आवश्यकच आहे, नाहीतर गडद रंगावर धूसर छटा राहते.

नवशिक्याने ड्युअल ॲक्शन, म्हणजे पॅड गोल फिरवतानाच हलवत ठेवणारे, यंत्रच घ्यावे. पॅड एकाच अक्षावर फिरवणारे रोटरी यंत्र एका जागी थांबले, तर रंग जळू शकतो. दारांच्या कडा व बॉनेटवरील उंचवटे येथे थर पातळ असतो, म्हणून तेथे टेप लावून ठेवावी. काळ्या प्लॅस्टिकवरही लावावी, कारण त्यात शिरलेले पांढरे पॉलिश सहज निघत नाही.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीशी ओलांडतो आणि तापलेल्या पत्र्यावर पॉलिश क्षणात सुकून चिकटते. म्हणून काम सकाळी लवकर, सावलीत करावे. पुसण्यासाठी मायक्रोफायबर कापड घ्यावे. सोलापुरी टॉवेल अंग पुसायला अप्रतिम असला, तरी त्याच्या सुती फासांत अडकलेली धूळ ताज्या पॉलिशवर नवे ओरखडे उमटवू शकते. शेवटी वॅक्स किंवा सीलंटचा (वॅक्सचेच काम करणाऱ्या कृत्रिम द्रव्याचा) पातळ थर द्यावा. पाण्याचे थेंब बॉनेटवरून गोळा होऊन ओघळण्याऐवजी पसरू लागले, की तेवढाच थर पुन्हा द्यावा. पॉलिशला हात लावू नये.