बेंच ग्राइंडर: जुना दुरुस्त कसा करावा, नवा कसा पारखावा

घरच्या वर्कशॉपमध्ये लेथला वेळेवर तेल मिळते, ड्रिल मशीनवर झाकण घातले जाते, आणि धार लावण्याचे व्हील फिरवणारा बेंच ग्राइंडर मात्र धुळीने माखलेला, थरथरणारा आणि वाकड्या टूल रेस्टचा (काम टेकवण्याच्या आधाराचा) असा कोपऱ्यात वर्षानुवर्षे चालत राहतो. वास्तविक लेथच्या टूलची, ड्रिलची आणि छिन्नीची धार याच यंत्रावर तयार होत असल्यामुळे त्याच्यातला दोष पुढच्या प्रत्येक कामात उतरतो. ग्राइंडर हॉर्सपॉवरवरून किंवा रंगावरून पारखू नये, असे माझे ठाम मत आहे. त्याचा शाफ्ट, म्हणजे व्हील फिरवणारा दांडा, सरळ आहे का, बेअरिंग ज्यांत बसतात ती घरे शाबूत आहेत का आणि व्हीलला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चकत्या, म्हणजे फ्लँजा, न डुलता फिरतात का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. बाकीच्या बहुतेक गोष्टी थोड्या खर्चात बदलता येतात. याच कारणाने मी नव्या, हलक्या, पत्र्याच्या फ्लँजांच्या ग्राइंडरपेक्षा जुना, जड, बिडाच्या बॉडीचा ग्राइंडर घेऊन तो दुरुस्त करणे पसंत करतो.

असे ग्राइंडर पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा बंद पडलेल्या छोट्या कारखान्यांच्या भंगारात मिळतात. विकत घेण्यापूर्वी वीज न लावता शाफ्ट हाताने सावकाश फिरवावा. फिरताना बोटांना वाळू चिरडल्यासारखी खरखर जाणवली, तर बेअरिंग गेलेले आहे. तो दोष किरकोळ समजावा. शाफ्टचे टोक धरून वर-खाली हलवल्यावर ढिलेपणा जाणवला, तर मात्र बेअरिंग झिजले आहे की ज्या घरात ते बसते ते घरच झिजले आहे, हे यंत्र उघडल्याशिवाय कळत नाही आणि किंमत ठरवताना ही शंका धरूनच बोलावे. त्यानंतर यंत्र चालू करून बंद करावे आणि ते थांबायला किती वेळ लागतो ते पाहावे. माझा 200 मिमीचा ग्राइंडर आणला तेव्हा वीस सेकंदांत थांबत असे, आणि बेअरिंग बदलल्यावर तो दीड मिनिटाहून अधिक काळ फिरत राहू लागला.

दुरुस्तीची सुरुवात प्लग काढून ठेवण्यापासून करावी. नुसता स्विच बंद करणे पुरेसे नाही. व्हीलचे नट सोडवताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, ती अशी की समोर उभे राहिल्यावर उजव्या हाताच्या नटाला नेहमीचे आटे असतात आणि डाव्या हाताच्या नटाला उलटे आटे असतात. फिरण्याच्या दिशेमुळे नट आपोआप सैल पडू नये, यासाठी ही योजना केलेली असते. हे न कळल्यामुळे डावा नट पाइप लावून उलट दिशेला आवळत नेणारे आणि शेवटी शाफ्टचे आटेच खराब करणारे लोक मी पाहिले आहेत. व्हील फिरू नये म्हणून त्याच्या आणि रेस्टच्या मध्ये लाकडाचा तुकडा अडकवावा, लोखंडी पान किंवा स्क्रूड्रायव्हर कधीही अडकवू नये.

व्हील आणि गार्ड काढल्यावर मोटारीची दोन्ही टोकांची झाकणे सुटी करण्याआधी झाकण आणि बॉडी यांवर सेंटर पंचाने खूण करावी. एका बाजूला एक ठिपका, दुसऱ्या बाजूला दोन. झाकणे अदलाबदल होऊन किंवा थोडी फिरून बसली, तर बेअरिंगची घरे एका रेषेत येत नाहीत आणि नवीन बेअरिंगही लवकर गरम होते. रोटर, म्हणजे मोटारीचा आतला फिरणारा भाग, बाहेर काढताना तो वाइंडिंगच्या तारांना घासू देऊ नये. बेअरिंगचा नंबर त्याच्या कड्यावर कोरलेला असतो आणि छोट्या ग्राइंडरमध्ये बहुधा 6202, 6203 किंवा 6204 यांपैकी एखादा सापडतो. त्याच नंबरचे, दोन्ही बाजूंना रबर सील असलेले म्हणजे 2आरएस प्रकारचे बेअरिंग घ्यावे. पत्र्याच्या शील्डचे बेअरिंग किंचित मोकळे फिरते हे खरे, परंतु ग्राइंडरभोवती कायम घासणाऱ्या कणांची धूळ असते आणि ती आत शिरू न देणे जास्त महत्त्वाचे आहे. जुने बेअरिंग पुलरने काढावे. नवीन बसवताना फक्त आतल्या कड्यावर टेकेल असा पाइपचा तुकडा घेऊन दाब द्यावा, कारण बाहेरच्या कड्यावर बसलेला हातोड्याचा घाव गोळ्यांमधून आतल्या कड्यावर जातो, तिथे बारीक खड्डे पडतात आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी आवाज करू लागते. झाकणात लाटेसारखा वाकलेला पातळ वॉशर सापडला, तर तो विसरू नये. शाफ्टची मागे-पुढे हालचाल तोच रोखतो.

मोटार नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, अशी तक्रार असेल, तर बऱ्याच वेळा दोष कपॅसिटरमध्ये असतो, ज्याला आपले इलेक्ट्रिशियन कंडेन्सर म्हणतात. प्लग काढल्यानंतरही त्यात विद्युतभार शिल्लक राहू शकतो, म्हणून हात लावण्यापूर्वी त्याच्या दोन टोकांना रेझिस्टर किंवा बल्ब जोडून तो रिकामा करावा. मग मायक्रोफॅरड मोजणारा मल्टिमीटर लावून आकडा पाहावा. अंगावर छापलेल्या आकड्यापेक्षा तो बराच कमी आला, तर कपॅसिटर बदलावा. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच ठेवावे, व्होल्टेज मात्र तेवढे किंवा त्याहून जास्त चालते. मोटारीला हाताने फिरकी देऊन ती सुरू होते का हे पाहण्याची पद्धत प्रचलित आहे, पण ती मी सुचवणार नाही. कपॅसिटर चांगला असूनही मोटार सुरू होत नसेल किंवा जळका वास येत असेल, तर यंत्र वाइंडिंगवाल्याकडे न्यावे आणि त्याच वेळी मेगर या मीटरने इन्सुलेशन व अर्थिंग तपासून घ्यावे.

आता थरथरीकडे वळू, कारण सर्वांत जास्त लोक इथेच चुकतात आणि व्हीललाच दोष देऊन एकामागून एक नवी व्हील आणत राहतात. व्हील काढून टाकून उघड्या शाफ्टला डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्याने दाखवणारा मापक, लावावा आणि शाफ्ट हाताने फिरवावा. काटा 0.02 मिमीच्या आसपासच हलत असेल, तर शाफ्टवर संशय घेऊ नये. मग आतली फ्लँज चढवून तिच्या सपाट तोंडावर, कडेच्या जवळ, गेज लावावा. माझ्या ग्राइंडरवर इथे काटा 0.10 मिमी हलला. ही चूक क्षुल्लक वाटते, पण फ्लँजचा व्यास 50 मिमी आणि व्हीलचा 150 मिमी असेल, तर तीच चूक व्हीलच्या कडेला तिप्पट होऊन 0.30 मिमी होते आणि व्हील डोळ्यांना दिसेल इतके डुलते. दाबून काढलेल्या पत्र्याच्या फ्लँजांमध्ये हा दोष जवळजवळ ठरलेलाच असतो. त्यावरचा उपाय म्हणजे लेथवर माइल्ड स्टीलच्या फ्लँजा करून घेणे. भोक शाफ्टवर हाताने सरकेल पण हलणार नाही इतके नेमके असावे, आणि भोक व व्हीलला टेकणारे तोंड ही दोन्ही एकाच सेटिंगमध्ये, जॉब चकमधून न काढता, टर्न करावीत. नाही तर दोन्ही काटकोनात राहत नाहीत. फ्लँजचा व्यास व्हीलच्या किमान एक तृतीयांश असावा, दोन्ही फ्लँजा सारख्या व्यासाच्या असाव्यात आणि मधला भाग थोडा खोल कापून फक्त कडेची पट्टी व्हीलला टेकेल असे करावे.

ग्राइंडिंग व्हील, ज्याला कारखान्यात सगळे स्टोन म्हणतात, निवडताना त्यावरील अक्षरे वाचायला शिकावे. ए 60 के असे लिहिले असेल, तर ए म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, 60 हा दाण्याचा आकार आणि के ही दाणे धरून ठेवणाऱ्या पकडीची ताकद होय. दाण्याचा आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक असतो. साध्या लोखंडाची ओबडधोबड कामे 36 नंबरवर आणि टूलची धार 60 ते 80 नंबरवर करावी. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलसाठी पांढरे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे व्हील आणि कार्बाइडसाठी हिरवे सिलिकॉन कार्बाइडचे व्हील वापरावे. कठीण पोलादाला मऊ पकडीचे व्हील लागते, हे ऐकायला उलटे वाटते; परंतु बोथट झालेले दाणे वेळेवर गळून नवे दाणे उघडे पडले, तरच व्हील कापत राहते. ॲल्युमिनियम आणि पितळ या व्हीलवर घासू नये. त्यांचा लेप दाण्यांमध्ये भरतो आणि मग व्हील कापण्याऐवजी नुसते तापते.

नवे असो वा जुने, प्रत्येक व्हील चढवण्यापूर्वी आवाजाची परीक्षा घ्यावी. कोरडे, स्वच्छ व्हील भोकात बोट किंवा लाकडी दांडा घालून लटकवावे आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने, कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत, उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना हलके टिचकारावे. चांगले व्हील खणखणीत वाजते, आणि तडा गेलेले व्हील फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज देते. बद्द वाजणारे व्हील दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नये म्हणून फोडूनच टाकावे. व्हीलच्या दोन्ही बाजूंची कागदी लेबले काढू नयेत, कारण फ्लँजचा दाब त्यांच्यामुळे सारखा पसरतो. नट व्हील घसरणार नाही इतपतच आवळावा. व्हीलवर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा जास्त असलाच पाहिजे. 2850 फेऱ्यांच्या मोटारीवर 200 मिमी व्हीलच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे 30 मीटर होतो आणि 250 मिमीचे व्हील चढवले, तर तो 37 मीटरच्या पुढे जातो. साध्या व्हिट्रिफाइड, म्हणजे चिनी मातीसारख्या भाजलेल्या पकडीच्या, व्हीलची मर्यादा साधारण 33 ते 35 मीटरच्या आसपास असते. म्हणून गार्ड काढून मोठे व्हील बसवण्याचा प्रकार अक्षरशः जिवावर बेतू शकतो. नवे व्हील बसवल्यावर बाजूला उभे राहून ते किमान एक मिनिट रिकामे चालवावे आणि मगच ड्रेसरने, म्हणजे व्हीलची कड घासून सारखी करणाऱ्या हत्याराने, गोल करावे. टूल रेस्ट आणि व्हील यांमधील फट 3 मिमीहून जास्त नसावी, गार्डच्या वरच्या टोकाला असलेल्या जिभेची फट 6 मिमीहून जास्त नसावी, आणि व्हील झिजत जाईल तसतशी ही दोन्ही अंतरे यंत्र पूर्ण थांबवून पुन्हा जुळवावीत.

नवाच ग्राइंडर घ्यायचा असेल, तर 150 मिमीचा अर्ध्या हॉर्सपॉवरचा ग्राइंडर घरच्या बहुतेक कामांना पुरतो. ज्यांचे मुख्य काम टूल आणि छिन्न्यांना धार लावण्याचे आहे, त्यांनी 200 मिमीचा, सुमारे 1440 फेऱ्यांचा ग्राइंडर शोधावा, कारण त्यावर धार कमी तापते. साध्या कार्बन पोलादाची कड निळी पडली, म्हणजे त्या जागेचे पाणी (कडकपणा) उतरले आणि तो भाग घासून काढल्याशिवाय धार टिकत नाही. दुकानात व्हील काढून फ्लँज पाहू द्यावी, असा आग्रह धरावा. स्विच शक्यतो नो-व्होल्ट प्रकारचा, म्हणजे वीज गेली की आपोआप बंद होऊन तसाच राहणारा, घ्यावा. वीज गेली आणि परत आली, की साध्या स्विचचा ग्राइंडर आपण जवळ नसताना किंवा वाकून रेस्ट जुळवत असताना अचानक सुरू होतो.

ग्राइंडर जड टेबलावर किंवा जमिनीत रोवलेल्या स्टँडवर बोल्टने पक्का करावा आणि तो लेथपासून दूर ठेवावा, कारण व्हीलची धूळ लेथच्या बेडवर बसली, तर ती तेलात मिसळून बेड घासत राहते. काम करताना डोळ्यांवर गॉगल असावा, हातमोजे नसावेत आणि बाह्या, ओढणी, गळ्यातील साखळी मोकळी लोंबत नसावी. सरळ व्हीलच्या बाजूच्या तोंडावर घासू नये. व्हीलची कड चकचकीत दिसू लागली, की जोर वाढवण्याऐवजी ड्रेसर हाती घ्यावा आणि तो रेस्टवर टेकवून, हलक्या हाताने, या कडेपासून त्या कडेपर्यंत दोन-तीन वेळा फिरवावा.