जीवशास्त्रातील पहिला प्रयोग कसा आखावा

‘वनस्पतींना वाढीसाठी प्रकाश लागतो’ हे वाक्य आपण इतक्या लहानपणी पाठ केलेले असते, की ते तपासून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही, आणि नेमके त्यामुळेच ते पहिल्या प्रयोगासाठी सोयीचे आहे. साहित्य गोळा करण्याआधी या वाक्यातला एक सैल शब्द घट्ट करावा लागतो. तो शब्द म्हणजे ‘वाढ’. वाढ म्हणून रोपाची उंची मोजायची, की त्याने स्वतः तयार करून साठवलेला पदार्थ? हे आधी ठरवले नाही, तर दोन आठवड्यांनी हाती आलेल्या आकड्यांचा वाटेल तो अर्थ लावता येतो.

प्रश्न घट्ट झाला की गृहीतक मांडावे. गृहीतक म्हणजे नुसता अंदाज नव्हे. जे चुकीचे ठरू शकते असे विधान म्हणजे गृहीतक. ‘प्रकाशाचा वनस्पतीवर परिणाम होतो’ हे विधान काहीही घडले तरी खरेच ठरेल, म्हणून ते निरुपयोगी आहे. त्याऐवजी ‘अंधारात वाढलेल्या वाटाण्याच्या रोपांची उंची आणि कोरडे वजन (पूर्ण सुकवल्यानंतरचे वजन) ही दोन्ही प्रकाशातल्या रोपांपेक्षा कमी भरतील’ असे लिहावे, आणि ते बी पेरण्यापूर्वीच, तारखेसह, शाईने लिहावे.

आता मांडणी. वाटाण्याच्या 130 बिया एकत्र मिसळून, न पाहता उचलून त्यांतल्या 30 बाजूला ठेवाव्यात आणि उरलेल्या 100 बिया रात्रभर भिजवून, तळाला भोके पाडलेल्या, वाळूने भरलेल्या दहा पेल्यांत प्रत्येकी दहा अशा पेराव्यात. न पाहता उचलण्याचा आग्रह अशासाठी, की टपोऱ्या बिया नकळत एकाच संचात जातात. पाच पेले प्रकाशात आणि पाच अंधारात ठेवायचे असले, तरी एक संच खिडकीत आणि दुसरा कपाटात ठेवणे ही नवशिक्याची ठरलेली चूक आहे, कारण मग प्रकाशाबरोबर तापमानही बदलते आणि फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही. दोन्ही संच एकाच टेबलावर, थेट ऊन लागणार नाही पण भरपूर उजेड मिळेल अशा जागी ठेवावेत; एकावर अपारदर्शक खोके पालथे घालावे, तर दुसऱ्यावर तेवढ्याच आकाराचे पारदर्शक, म्हणजे कोंडलेली हवा आणि दमटपणाही जवळपास सारखाच राहील. पाणी मोजून, सारखेच आणि अंधार पडल्यावर दिवा न लावता घालावे.

तुलनेचा संच किती विचारपूर्वक निवडावा लागतो, हे फ्रान्सेस्को रेडी या इटालियन वैद्याच्या 1668 सालच्या प्रयोगातून उत्तम कळते. सडक्या मांसात अळ्या आपोआप निर्माण होतात, अशी तेव्हा समजूत होती. रेडीने काही बरण्या उघड्या ठेवल्या आणि काही घट्ट बंद केल्या. अळ्या फक्त उघड्या बरण्यांत झाल्या. परंतु बंद बरणीत हवाच गेली नाही म्हणून अळ्या झाल्या नाहीत, असा आक्षेप कोणीही घेतला असता. म्हणून त्याने बारीक जाळीने झाकलेल्या बरण्याही ठेवल्या. त्यांत हवा जात होती, माश्या मात्र जात नव्हत्या, आणि मांसावर अळ्या झाल्या नाहीत. माझ्या मते त्या प्रयोगाचा खरा जीव त्या जाळीत आहे.

पंधराव्या दिवशी दोन्ही खोकी उचलल्यावर जे दिसते ते पहिल्यांदा पाहणाऱ्याला गोंधळात टाकते. अंधारातली रोपे अधिक उंच असतात. त्यांचे खोड बारीक आणि फिकट पिवळसर, पाने जेमतेम उमललेली, शेंडा आकड्यासारखा वाकलेला. गृहीतकाचा अर्धा भाग चुकला, आणि तो तसाच नोंदवायचा असतो. आधी लिहिलेले वाक्य खोडून बदलायचे नसते. न उगवलेल्या बियांचा आकडाही वगळू नये.

आता प्रत्येक संचातल्या तीन पेल्यांतली रोपे मुळे आणि बियांच्या उरलेल्या भागासह काढून, वाळू धुऊन, सुमारे 70 अंश सेल्सिअसला सुकवावीत आणि लागोपाठ दोनदा वजन सारखे येईपर्यंत सुकवत राहावे. बाजूला ठेवलेल्या 30 बियाही तशाच सुकवाव्यात, कारण त्यांतही ओलावा असतो. एका रोपामागे वजन काढले, की अंधारातली उंच रोपे मूळ बीपेक्षाही हलकी भरतात: ती बीजपत्रांतला साठा श्वसनात खर्च करून प्रकाशाच्या शोधात लांब होतात, आणि प्रकाशसंश्लेषण होत नसल्याने त्या खर्चाची भरपाई होत नाही. मात्र एकाच संचातल्या पेल्या-पेल्यांतला फरक दोन संचांमधल्या फरकाएवढाच असेल, तर कोणताही निष्कर्ष काढू नये. बिया वाढवून प्रयोग पुन्हा करावा.

मोजमाप अचूक असूनही निष्कर्ष चुकू शकतो. यान बाप्टिस्टा व्हान हेलमाँट या फ्लेमिश वैद्य-रसायनशास्त्रज्ञाने 200 पौंड कोरड्या मातीत 5 पौंडांचे विलोचे रोप लावून पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाड 169 पौंडांचे झाले आणि माती जेमतेम दोन औंस घटली. 1648 साली छापल्या गेलेल्या या वृत्तान्तात त्याने झाड पाण्यापासूनच बनले असे म्हटले. हवेतूनही काही मिळत असेल, हा पर्याय त्याने तपासलाच नव्हता. म्हणून निष्कर्षात ‘सिद्ध झाले’ असे न लिहिता ‘या परिस्थितीत, वाटाण्याच्या रोपांमध्ये, असे आढळले’ एवढेच लिहावे.

अंधारातले दोन पेले अजून शिल्लक आहेत. त्यांतला एक प्रकाशात आणावा. त्यातली पाने एक-दोन दिवसांत हिरवी होऊ लागतील. दुसरा मात्र खोक्याखालीच राहू द्यावा, नाहीतर तो हिरवेपणा प्रकाशामुळे आला की नुसत्या वाढत्या वयामुळे, हे सांगता येणार नाही.