गिरणीच्या पिठाचा पाव हलका कसा झाला

लोकवन गव्हाच्या, गिरणीतून दळून आणलेल्या पिठाचा पाव घरी भाजला की तो जड व्हायचा आणि सुरी लावताच त्याच्या कडा ढासळायच्या. दगडी जात्यावर दळताना स्टार्चचे कण फुटतात, त्यामुळे असे पीठ मैद्यापेक्षा अधिक पाणी शोषते, शिवाय त्यातला कोंडा ग्लुटेनची, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनांची, जाळी तोडतो. हे समजल्यावर मी केवळ पाणी, वेळ आणि पीठ हाताळण्याची पद्धत या तीन गोष्टी बदलल्या.

आता सकाळी ५०० ग्रॅम पिठात ३८० मिलिलिटर पाणी नुसते कालवून, भांडे झाकून मी भाजी आणायला आणि वीजबिल भरायला बाहेर पडते. तासाभराने परतेपर्यंत कोंडा भिजून मऊ झालेला असतो आणि पीठ न मळताही ताणले जाते. मगच त्यात १० ग्रॅम मीठ, ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि थोडे तेल मिसळते. पुढचा वेळ भरतकामाचा. मात्र दर अर्ध्या तासाने रिंग बाजूला ठेवून, ओल्या हातांनी पिठाच्या चारही बाजू मध्यावर दुमडते. या घड्यांनीच खरा फरक पडला, असे माझे ठाम मत आहे.

साच्यात ठेवलेल्या पिठावर बोटाने केलेला खळगा सावकाश भरू लागला की २०० अंश सेल्सिअसवर सुमारे ४० मिनिटे भाजते आणि पूर्ण निवल्याशिवाय कापत नाही. खपली गव्हाचे ग्लुटेन कमकुवत असते, म्हणून त्याचे पीठ एकटे न वापरता लोकवनमध्येच थोडेसे मिसळावे.