चिपर फांदी ओढत नाही, चिप्सऐवजी तंतू पडतात: माझा उपाय

छोटा पेट्रोल चिपर (फांद्यांचे तुकडे, म्हणजे चिप्स करणारं यंत्र) आहे, इंजिन मस्त चालतंय पण फांदी आत ओढतच नाही, नुसती थडथडते, हाताने रेटावी लागते आणि बाहेर काथ्यासारखे तंतू पडतात, तेच मग च्यूटमध्ये (चिप्स बाहेर पडायच्या नळीत) अडकतात. बेल्ट बदलला, कार्बोरेटर साफ केला, शून्य फरक. दोन रविवार गेले, डोक्याचं भजं झालं.

दोष ब्लेडमध्ये होता, आणि त्याहून जास्त समोरच्या अँव्हिल पट्टीत (ही स्थिर पट्टी, हिच्यावर टेकलेली फांदी ब्लेड कापतं). आधी इंजिन बंद करून डिस्क पूर्ण थांबू दिली (ब्लेड हिच्यावरच बसवलेले असतात; जड असते, बराच वेळ फिरत राहते), स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधली. जाड हातमोजे घालून हूड उघडलं, डिस्कला लाकडी पाचर लावली, दोन्ही ब्लेड काढले. धार गोल झालेली, उजेडात धरली की पांढरी रेघ चमकत होती. ब्लेड दुधारी, म्हणून उलटवले, पण बसवण्याआधी खालचा वाळलेला चीक खरवडला, नाहीतर तिरके बसतात. बोल्ट घट्ट केले. मग पट्टी सैल करून ब्लेड आणि पट्टीमधली गॅप फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजून 1.5 मिमी केली, आधी चांगली 4 होती! (1.5 माझ्या मॅन्युअलमधला आकडा, तुमचा वेगळा असू शकतो.) पट्टी आवळून दोन्ही ब्लेडपाशी गॅप परत मोजली, पाचर काढली, डिस्क हाताने फिरवली, कुठे घासत नाही बघून मगच वायर लावली.

दोन इंची ओली फांदी जाड टोकाकडून दिली, आपोआप आत गेली.

नवीन घेणार असाल तर हॉर्सपॉवरच्या आधी विचारा, ब्लेड उलटवता येतं का, पट्टी सरकते का.