टाइमझोनला नाव देताना या चुका टाळा: ईएसटी, प्लस-मायनसचे आकडे आणि मार्च-नोव्हेंबरचा घोळ

मार्चमधला दुसरा रविवार गेला की अमेरिकन क्लायंट असलेल्या नागपुरातल्या टीमांमध्ये सोमवारी तोच प्रश्न, आजचा कॉल साडेसातला की साडेसहाला? त्या रविवारी अमेरिकेत घड्याळ तासभर पुढे जातं अन् नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे येतं. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात अन् उन्हाळ्यात साडेसहा, माणसांना हे समजतं, कोणीतरी ग्रुपवर मेसेज टाकतं, मिहानच्या आयटी कंपन्यांकडे जाणारी कॅब तासभर आधी निघते आणि काम सुरू होतं. सॉफ्टवेअर ग्रुपवरचा मेसेज वाचत नाही. तुम्ही त्याच्याजवळ झोनचं जे नाव लिहून ठेवलं तेवढंच त्याला माहीत असतं, आणि ते नाव चुकीचं असलं की रिमाइंडर, इनव्हॉइस, शिफ्टचं रोस्टर सगळं एक तासानं सरकतं.

मुळात आपण इथे वाढलो, अन् इथे घड्याळ बदलत नाही. दुसऱ्या महायुद्धात 1942 ते 1945 मध्ये आपलं घड्याळ तासभर पुढे होतं, त्यानंतर आजपर्यंत यूटीसीच्या (जगभर मोजणीसाठी धरतात त्या समान वेळेच्या) पुढे साडेपाच तास, बारा महिने तेच. त्यामुळे आपल्या डोक्यात झोन म्हणजे एक आकडा असं बसलेलं असतं. पण झोन म्हणजे एक जागा आणि त्या जागेचे नियम, आकडा फक्त त्या क्षणापुरता असतो. खालच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

तीन अक्षरांवर भरवसा ठेवणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. ईएसटी, म्हणजे न्यूयॉर्कचा ईस्टर्न स्टँडर्ड टाइम, यूटीसीच्या मागे पाच तास, फक्त हिवाळ्याची वेळ. उन्हाळ्यात न्यूयॉर्क ईडीटीवर (ईस्टर्न डेलाइट टाइमवर) असतं, मागे चार तास. पण तिकडचे लोक स्वतःच जुलैमध्ये "सकाळी 10 ईएसटी" असं लिहून मोकळे होतात, आणि आपण ते जसंच्या तसं कॉन्फिगमध्ये टाकलं की क्लायंट आपल्या साडेसातला वाट पाहत असतो अन् आपलं सॉफ्टवेअर साडेआठला जागं होतं.

त्यात प्रत्येक सिस्टीम ही अक्षरं वेगळी समजते. विंडोजमध्ये ईस्टर्न स्टँडर्ड टाइम नावाचा जो झोन आहे तो नावात स्टँडर्ड असूनही उन्हाळ्याचे नियम पाळतो. लिनक्स, मोबाइल आणि बहुतेक प्रोग्रामिंग भाषा आयाना या इंटरनेटची नावं-आकडे सांभाळणाऱ्या संस्थेचा जो टाइमझोन डेटाबेस वापरतात त्यात 2024 पासून ईएसटी हे नाव थेट पनामाला जोडलेलं आहे, आणि पनामात घड्याळ कधीच बदलत नाही. म्हणजे न्यूयॉर्कच्या कस्टमरला तुम्ही नकळत पनामात नेऊन ठेवता. जावाच्या जुन्या छोट्या नावांच्या यादीत ईएसटी कायम मागे पाच तास, पण त्याच यादीत पीएसटी म्हणजे लॉस एंजेलिस, उन्हाळा-हिवाळ्यासकट! आणि बीएसटी, म्हणजे ब्रिटनची उन्हाळ्याची वेळ? ते तिथे ढाका आहे. लंडनच्या उन्हाळ्यातली सकाळी दहाची मीटिंग आपल्याकडे दुपारी अडीचची असते, ढाका धरलं तर सकाळी साडेनऊची होते. सीएसटी तर शिकागोही आहे, चीनही आहे अन् क्युबाही. आपलं लाडकं आयएसटी आयर्लंड आणि इस्राएलही वापरतात, आणि आयर्लंडमध्ये कायद्यानं उन्हाळ्याचीच वेळ स्टँडर्ड आहे, उलट हिवाळ्यात ते घड्याळ मागे घेतात.

म्हणून सेव्ह करायचं ते पूर्ण नाव, अमेरिका/न्यू_यॉर्क, युरोप/लंडन, एशिया/कोलकाता अशा पद्धतीचं. तीन अक्षरं फक्त दाखवायला, तीही त्या तारखेची लायब्ररीकडून काढून घ्या, हातानं टाइप करू नका. ड्रॉपडाउनमध्ये "ईस्टर्न टाइम, न्यूयॉर्क" एवढं पुरतं, स्टँडर्ड किंवा डेलाइट असं काही लिहायचीच गरज नाही, कारण दोन्ही त्या एका जागेतच येतात.

आणि पूर्ण नाव असलं तरी स्पेलिंग तपासून घ्या. जावाचा जुना टाइमझोन क्लास नाव ओळखू आलं नाही तर एरर देत नाही, गुपचूप जीएमटी (म्हणजे यूटीसीचीच वेळ) देतो.

आकडा सेव्ह करणं

यूझरच्या ब्राउझरमधून ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) घेतला, टेबलात मायनस पाच लिहिलं, झालं काम असं खूप ठिकाणी होऊन राहिलं. जानेवारीत कोणी रोज सकाळी नऊचं रिमाइंडर लावलं की मार्चनंतर ते त्याच्या घड्याळात दहाला वाजतं. आणि नुसत्या आकड्यावरून जागा परत शोधता येत नाही. उन्हाळ्यात लॉस एंजेलिसही मायनस सात आणि फिनिक्सही मायनस सात, पण ॲरिझोना घड्याळ बदलत नाही (त्यातही नावाहो नेशनचा भाग बदलतो), म्हणून नोव्हेंबरमध्ये हे दोघं वेगळे होतात.

आकड्याच्या चिन्हातही गंमत नाही, सरळ धोका आहे. जावास्क्रिप्टचं गेट-टाइमझोन-ऑफसेट भारतासाठी मायनस 330 मिनिटं देतं, म्हणजे उलटं. ईटीसी/जीएमटी+5 या नावाचा अर्थ यूटीसीच्या मागे पाच, तेही उलटं. ब्राउझरकडून आकडा न मागता जावास्क्रिप्टच्याच इंटल एपीआयमधून झोनचं नाव मागा, ते सरळ मिळतं. फक्त तिथे एशिया/कोलकाताच्या जागी एशिया/कलकत्ता हे जुनं नाव आलं तर घाबरू नका, 2008 मध्ये नाव बदललं तरी जुनं चालतं, तसंच 2022 मध्ये कीव्हच्या स्पेलिंगचं झालं. कोडमध्ये दोन नावं नुसती स्ट्रिंग म्हणून जुळवून पाहणाऱ्यांचं मात्र इथे अडतं.

"सगळं यूटीसीत टाका" हा अर्धाच सल्ला

होऊन गेलेल्या गोष्टींना हा सल्ला एकदम बरोबर आहे. पेमेंट कधी झालं, लॉगिन कधी झालं, ते यूटीसीत ठेवा. पण पुढच्या वर्षीची अपॉइंटमेंट? ती माणसानं भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे ठरवलेली असते, अन् ते घड्याळ सरकार बदलू शकतं. मेक्सिकोनं ऑक्टोबर 2022 मध्ये उन्हाळ्याची वेळ बंद केली. त्याआधी कोणी मेक्सिको सिटीची मे 2023 मधली सकाळी दहाची मीटिंग यूटीसीत बदलून ठेवली असेल तर ती नव्या नियमात नऊला दिसते, आणि मूळचे दहा वाजले कुठे हे डेटात शिल्लकच नाही. लेबनॉननं मार्च 2023 मध्ये घड्याळ पुढे न्यायचं ऐनवेळी पुढे ढकललं अन् काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतला. कझाकस्तान 1 मार्च 2024 ला सगळा एकाच वेळेवर आला, अल्माटीवाल्यांचं घड्याळ तासभर मागे गेलं. मोरोक्को रमजानपुरतं घड्याळ मागे नेतो. हे सगळं होणारच, तुमच्या स्प्रिंटला विचारून होत नाही.

तर पुढच्या तारखांसाठी दोन कॉलम ठेवा, स्थानिक तारीख-वेळ आणि झोनचं पूर्ण नाव, यूटीसी हवं असेल तर ते यातून काढलेलं तिसरं, नियम बदलले की पुन्हा काढता येईल असं. पोस्टग्रेस डेटाबेस वापरणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या: टाइमस्टॅम्प विथ टाइमझोन या प्रकारात नावात टाइमझोन असला तरी झोन सेव्ह होत नाही, वेळ यूटीसीत बदलली जाते आणि झोन फेकला जातो. वेगळा कॉलम लागतोच.

वेळ चुकली? आधी किती चुकली ते मोजा

फरकाचा आकडाच बहुतेकदा चोर दाखवतो. बरोबर एक तास, तोही मार्च किंवा नोव्हेंबरनंतर, तर ईएसटीसारखं नाव नाहीतर फिक्स ऑफसेट. साडेपाच तास, तर कुठेतरी यूटीसीला आपली वेळ समजलंय किंवा उलट. न्यूयॉर्कच्या हिवाळ्यातल्या रेकॉर्डला दहा तास आणि आपल्या रेकॉर्डला अकरा, तर चिन्ह उलटं पडलंय.

आणि 23 मिनिटं? हे पाहून माणूस चक्रावतो, पण पायथनमध्ये पायटीझेड लायब्ररीचा झोन थेट डेटटाइमला चिकटवला की हेच होतं. तो कोलकात्याची सगळ्यात जुनी स्थानिक वेळ उचलतो, पाच तास 53 मिनिटं, 1906 मध्ये देशाची एक वेळ ठरली त्याच्या आधीच्या काळातली. तेव्हा शहरागणिक सूर्याची वेळ वेगळी धरायचे, आपल्या नागपूरचा सूर्य आजही घड्याळाच्या तेरा-चौदा मिनिटं मागेच चालतो, कारण घड्याळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशाचं आहे. उपाय म्हणजे पायटीझेडचं लोकलाइझ वापरा, किंवा पायथन 3.9 पासून आलेलं झोनइन्फो घ्या अन् हा विषय संपवा.

सर्व्हरवर झोनचं नाव टाकलं तरी चालत नसेल तर बहुतेकदा टाइमझोनचा डेटाबेसच नसतो. अल्पाइन लिनक्सच्या डॉकर इमेजमध्ये टीझेडडेटा (हाच डेटाबेस) वेगळं टाकावं लागतं, विंडोजवर पायथनला टीझेडडेटा पॅकेज लागतं, मायएसक्यूएलमध्ये झोनची टेबलं भरली नसतील तर कन्व्हर्ट-टीझेड चूपचाप नल (रिकामं उत्तर) देतं. आणि डेटाबेस आहे पण जुना आहे हाही प्रकार असतो, तेव्हा ओएसचा, जावाचा अन् डॉकर इमेजमधला असे तिन्ही अपडेट करा, हे एकमेकांना विचारत नाहीत.

टेस्ट कोणत्या तारखांवर करायची

न्यूयॉर्कसाठी 8 मार्च 2026 आणि 1 नोव्हेंबर 2026. पहिल्या दिवशी पहाटे अडीच वाजतच नाहीत, दोनवरून थेट तीन. दुसऱ्या दिवशी रात्रीचा दीड दोनदा वाजतो. न्यूयॉर्कच्या वेळेवर अडीचला लावलेला जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) एका दिवशी गायब होऊ शकतो, दीडचा दोनदा पळू शकतो, आणि तो बिलिंगचा असेल तर कस्टमरचे पैसे दोनदा कापले जातात. असे जॉब यूटीसीवर लावा, नाहीतर निदान त्या तासापासून लांब ठेवा.

लंडनसाठी 29 मार्च आणि 25 ऑक्टोबर 2026. मधले तीन आठवडे मार्चमध्ये आणि एक आठवडा ऑक्टोबरअखेर न्यूयॉर्क-लंडन फरक पाचाऐवजी चार तासांचा असतो, दोन्हीकडचे लोक एका कॉलवर असतील तर टेस्ट याच आठवड्यांतल्या तारखांवर चालवा. सिडनीचं उलटं, तिथे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ पुढे अन् एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे.

आता टेबलात आधीच ईएसटी भरून ठेवलेल्या जुन्या ओळी असतील तर एका क्वेरीनं सगळ्यांना न्यूयॉर्क करून टाकू नका, त्यात खरंच पनामा किंवा जमैकाचे लोक असू शकतात. पत्ता किंवा शहर असेल तर त्यावरून भरा, नसेल तर पुढच्या लॉगिनला ब्राउझरचा झोन दाखवून यूझरला एकदा विचारा, आणि तोपर्यंत जुनी नोंद वेगळ्या कॉलममध्ये तशीच राहू द्या.