समुद्रफूल जागेवर का टिकत नव्हते?

दादरच्या आमच्या घरातील शंभर लिटरच्या खाऱ्या टाकीत क्लाउनफिशची जोडी सुखात होती, पण बबल-टिप जातीचे समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन, म्हणजे हे मासे ज्याच्या बाहूंत राहतात तो फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) मे महिन्यात रोज रात्री जागा सोडून फिरू लागले, त्याचे तोंड सैल पडले आणि बाहूंची टोके पांढुरकी दिसू लागली. मी आधी प्रकाशाला दोष दिला आणि दिवा बदलण्यात पैसे घालवले, ते व्यर्थ गेले.

अखेर पाण्याचा खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने पाहिले तेव्हा क्षारता (विशिष्ट गुरुत्व) १.०३०, म्हणजे फार जास्त होती आणि पाणी ३१ अंशांवर गेले होते. बाष्पीभवनात फक्त पाणी उडते, मीठ मागेच राहते. मी मात्र भर घालताना दर वेळी मिठाचेच पाणी ओतत होतो! उष्णता फार वाढली की समुद्रफूल आपल्या पेशींतील सूक्ष्म शैवाल बाहेर टाकते, म्हणून ते पांढुरके पडत होते.

मग रोज सकाळी काचेवरील खुणेपर्यंत केवळ आरओचे पाणी भरले आणि आठवडाभरात क्षारता हळूहळू १.०२६ वर आणली. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावल्याने तापमान २७ अंशांपर्यंत उतरले, अर्थात पाणी अधिक उडू लागले आणि भर दोन वेळा घालावी लागली. पंपाच्या तोंडावर स्पंज बसवला, कारण भटके समुद्रफूल त्यात ओढले जाऊन चिरडले तर सगळी टाकी नासते.

दहाव्या दिवशी त्याने खडकाच्या कपारीत पाय रोवला. मादी, म्हणजे जोडीतला मोठा मासा, कोळंबीचा तुकडा त्याच्या बाहूंत नेऊन ठेवताना दिसली.